शेरा

झाड क्रमांक चारशे बारा.
जात: बेहडा. घेर: दोनशे चाळीस सेंटिमीटर.
उंची: अंदाजे. आरोग्य: बरं.
खोड: पोकळ.

पोकळ लिहिलं की पुढचं सोपं होतं.
पोकळ म्हणजे धोकादायक,
धोकादायक म्हणजे लाल रंगाची फुली,
आणि फुलीमागून येऊरच्या उतारावरून
घोडबंदरकडे उतरणारा नवा रस्ता.
मी काही कुऱ्हाड चालवत नाही.
मी रकाने भरते. झाडामागे अकरा रुपये.

टेप धरायला चैत्या वरठा, पाटोणपाड्याचा.
टेपचं टोक घेऊन खोडाला वळसा घालताना
तो क्षणभर झाडामागे दिसेनासा होतो
आणि पलीकडून निघतो तो दर वेळी
थोडा जास्त गप्प होऊन.
बेहड्यापाशी बोलला:
"याला फुली नको ताई. यात बिऱ्हाड हाय."

साप?
त्यानं खिशातून चुन्याची डबी काढली.
झाकण अंगठ्यानं दाबलं: टिक.
थांबला. पुन्हा, टिक टिक.
माझ्या डोक्याच्या हातभर वर
कधीकाळी फांदी मोडून जिथं भोक पडलं होतं
तिथून, झाडाच्या पोटातून,
कुणीतरी उत्तर दिलं.

रात्री कौशाहून रुखसार मुकादम आली,
स्कूटरला शिडी बांधून.
तीन पावसाळे ती हा आवाज शोधत होती
आणि तो चैत्याच्या खिशात होता.

श्रावण उतरणीला. शेवाळलेली शिडी.
विजेरीवर लाल कागद, म्हणजे त्याला त्रास नको.
आत तांब्याभर पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
आणि पाण्याच्या काठावर
दगडफुलासारखा करडा, अंगठ्याएवढा बेडूक.
शेजारी भिंतीला चिकटलेली अंडी:
साबुदाणा भिजला की दिसतो तशी.

"बाप आहे," रुखसार कुजबुजली.
"आई केव्हाच गेली. हा मात्र इथून हलत नाही."
मग खातो काय?
"घरी येईल ते," चैत्या खालून म्हणाला.

मी विचारलं, बरणीत घालून
पाण्यासकट दुसऱ्या झाडात नाही का ठेवता येणार?
ती हसली नाही, हेच मला लागलं.
म्हणाली, हे पाणी कितव्या वर्षाचं कोण जाणे.
यात पानं मुरलीत, मुंग्या मेल्यात,
बेहड्यानं आपलं अंग थोडं थोडं कुजवून
ही एवढी जागा केली आहे.
असं घर बांधायचं तर आधी एक फांदी
वेळेवर मोडावी लागते,
आणि मग पन्नास वर्षं कुणी
रकाना घेऊन यावं लागत नाही.

बेहड्याखाली बसू नये, भांडणं होतात म्हणतात.
झाली. ठेकेदाराच्या माणसाशी झालं,
कचेरीतल्या बाईंशी झालं.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
खोड पोकळ. रिकामं नाही.
कागद परत आला. "रिकामं नाही" खाली रेघ,
पुढं प्रश्नचिन्ह, पेन्सिलीनं.
रुखसारचं पत्र जोडलं, तिचे फोटो जोडले.
फाईल दिवाळीपर्यंत थांबली आहे म्हणे.
दिवाळीपर्यंत शेपट्या गळून पाय फुटतात.
पाय फुटून जायचं कुठं, ते पत्रात नाही.

चारशे अकरा ऐन होता, चारशे तेरा कळंब.
त्यांच्यावरची फुली माझ्या हातची.
मी नंतर एकटी गेले, ठोठावून पाहिलं,
कान लावला.
भरीव होते दोन्ही.
भरीव असणं हा काही गुन्हा नव्हता.

तंबाखू मी खात नाही, तरी
जांभळी नाक्यावरून एक डबी घेतली.
कासारवडवलीला सतराव्या मजल्यावर राहते.
या इमारतीच्या जागी काय होतं,
कुणी मोजलं, किती रुपयांनी,
आमच्या सोसायटीच्या कागदांत नाही.
रात्री गॅलरीत उभी राहून झाकण दाबते.
टिक.
खालच्या एसीचं पाणी पत्र्यावर पडतं
आणि दर वेळी, क्षणभर, मी फसते.